जुने पीसी गेम नव्या मशीनवर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीची साफसफाई झाली किंवा मे महिन्याची सुट्टी लागली की हे प्रश्न ठरलेले येतात. माळ्यावरून डबा निघतो, त्यात व्हाइस सिटी नाहीतर रोड रॅशची सीडी असते आणि मग "चालेल का रे हे आता" सुरू होतं. खालचे सगळे प्रश्न लोकांनी खरंच विचारलेले आहेत, सोप्यापासून किचकटापर्यंत लावलेत. एकच उत्तर दोनदा लिहिलेलं नाही, लागेल तिथे दुसऱ्या प्रश्नाचा नंबर दिलाय. विंडोज म्हणजे १० किंवा ११ धरलंय.

१. वीस वर्षं जुना गेम आजच्या पीसीवर मुळात चालतोच कसा? प्लेस्टेशनवर तर जुनी डिस्क घातली की सरळ नाही म्हणतं.

पीसीतला प्रोसेसर बदलत गेला पण त्याला कळणारी भाषा तीच राहिली. १९८५ मध्ये इंटेलचा ३८६ आला, त्याच्यासाठी केलेल्या ३२ बिट सूचना आजच्या रायझनलाही कळतात आणि कोअर आय५ लाही, वर ६४ बिट विंडोजमध्ये ३२ बिट प्रोग्रॅमसाठी वॉव६४ नावाचा वेगळा थर ठेवलेला आहे, त्यामुळे २००५ ची एक्सई फाइल डबल क्लिक केली की बऱ्याचदा काही न करता उठते. प्लेस्टेशन ३ मध्ये सेल नावाची वेगळीच चिप होती, ४ मध्ये २०१३ साली सोनी पीसीसारख्या एक्स८६ चिपवर आली, मग ३ ची डिस्क ४ ला कळणार कशी. ४ आणि ५ मध्ये चिपचं घराणं तेच राहिलं म्हणून तिथे बहुतेक गेम पुढे चालले. आणि हे फक्त कन्सोलचंच आहे असंही समजू नका, अ‍ॅपलनं २०१९ मध्ये मॅकओएस कॅटालिनात ३२ बिट सपोर्ट काढला आणि लोकांनी पैसे देऊन घेतलेले ढीगभर मॅक गेम एका अपडेटमध्ये गेले.

२. म्हणजे मायक्रोसॉफ्ट मुद्दाम जुने गेम जपतं?

जपतं, पण प्रेमापोटी नाही, नवीन विंडोज खपावं म्हणून. ऑफिसमधलं जुनं सॉफ्टवेअर बंद पडलं तर कोण कशाला अपग्रेड करेल, आणि गेम त्याच गाडीत बसून येतात. सगळ्यात गाजलेला किस्सा सिमसिटीचा आहे. विंडोज ३.१ वरच्या सिमसिटीत एक बग होता, सोडून दिलेली मेमरी तो परत वाचायचा. ३.१ वर ते खपून जायचं, विंडोज ९५ वर क्रॅश व्हायला लागला, तर मायक्रोसॉफ्टच्या लोकांनी काय केलं की ९५ मध्येच सोय टाकली, सिमसिटी चालू आहे असं दिसलं की मेमरी सोडायची घाई करायची नाही. म्हणजे चूक गेमची आणि दुरुस्ती विंडोजमध्ये! असल्या खास सोयी आजही विंडोजच्या पोटात आहेत, त्यांना शिम म्हणतात.

३. मग नुसता कंपॅटिबिलिटी मोड लावला की झालं ना?

कधी कधी होतं. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, तिथे एक्सपी सर्व्हिस पॅक ३ निवडायचं, एवढं करून बघायला काही जात नाही. पण तिथे एक्सपी निवडलं म्हणून आत एक्सपी उभं राहत नाही. प्र. २ मधले शिम तुमच्या गेमला लागतात, त्यातला मुख्य म्हणजे गेमनं "कुठलं विंडोज?" विचारलं की खोटं उत्तर द्यायचं. गेम फक्त त्या प्रश्नावर अडत असेल तर काम झालं, नाहीतर नाही. त्याच पानावर खाली "डिसेबल फुलस्क्रीन ऑप्टिमायझेशन्स" आणि डीपीआयचं बटण आहे, माझ्या मते एक्सपी निवडण्यापेक्षा त्या दोनांचाच जास्त उपयोग होतो, खास करून लॅपटॉपवर जिथे स्केलिंग १२५ किंवा १५० टक्के असतं आणि गेमचा अर्धा स्क्रीन बाहेर जातो.

४. गेमचं साल सांगितलं तर चालेल की नाही ते सांगता येईल का?

बऱ्यापैकी येतं, आणि गंमत म्हणजे जितका जुना तितका अवघड असं नाहीये.

डॉसचे (विंडोज घरोघरी यायच्या आधीची सिस्टिम) गेम, म्हणजे साधारण १९९५ पर्यंतचे, आज सगळ्यात सुखात आहेत कारण त्यांच्यासाठी डॉसबॉक्स आहे (प्र. ५). खरा त्रास १९९५ ते २००० मधल्यांचा. विंडोज ९५-९८ चा काळ, डायरेक्टएक्स (विंडोजमध्ये गेमला ग्राफिक्स कार्डाशी बोलू देणारा भाग) नुकतंच आलेलं, थ्रीडी कार्डं चार कंपन्यांची चार तऱ्हेची, व्हूडू कार्डासाठी ग्लाइड नावाची वेगळीच भाषा, आणि सेटअप अजून १६ बिट (प्र. ६). हे गेम धड डॉसचे नाहीत धड आजच्या विंडोजचे नाहीत. २००० ते २००८ वाले बहुतेक चालतात पण सीडीच्या कुलपावर, म्हणजे कॉपी रोखणाऱ्या तपासणीवर, अडतात (प्र. ७). २००८ ते २०१३ मध्ये कुलूप सीडीवरून इंटरनेटवर गेलं, गेम्स फॉर विंडोज लाइव्हसारख्या सेवा आल्या आणि मग त्या सेवाच गुंडाळल्या. फॉलआउट ३ मधून ते प्रकरण २०२१ मध्ये अधिकृत अपडेटनं काढलं, जीटीए ४ मधून २०२० मध्ये, पण तुमच्याकडे त्या वेळची डीव्हीडी असेल तर त्यात ते अजून आहेच. २०१३ नंतरचे सिंगल प्लेयर गेम सहसा निमूट चालतात.

इतकी वर्षं हे बघून माझं मत असं झालंय की गेम म्हातारा होऊन मरत नाही, त्याला लावलेलं कुलूप किंवा त्याचा सर्व्हर मरतो. खालचे निम्मे प्रश्न त्याचेच आहेत.

५. डेव्ह, प्रिन्स ऑफ पर्शिया, असले शाळेच्या लॅबमधले गेम पोराला दाखवायचेत. कसे?

डॉसबॉक्स टाका. २००२ पासून आहे, फुकट आहे, तो अख्खा डॉसवाला पीसी साउंड ब्लास्टर कार्डासकट सॉफ्टवेअरमध्ये उभा करतो त्यामुळे खाली विंडोज आहे की लिनक्स त्याला फरक पडत नाही. मूळ डॉसबॉक्सपेक्षा आता डॉसबॉक्स स्टेजिंग घ्या, त्यावर काम चालू आहे. गेम फार पळाला तर कंट्रोल एफ११ नं हळू करा, रखडला तर कंट्रोल एफ१२, माउस अडकला तर कंट्रोल एफ१०. हे पळणं पूर्वीही होतंच, जुन्या कॅबिनेटवर टर्बोचं बटण त्यासाठीच असायचं कारण कितीतरी गेम प्रोसेसरच्या वेगालाच घड्याळ समजायचे.

काहीच टाकायचं नसेल तर इंटरनेट आर्काइव्हवर २०१५ पासून हजारो डॉस गेम ब्राउझरमध्येच चालतात. प्रिन्ससाठी एसडीएलपॉप नावाचं चाहत्यांनी केलेलं नवीन रूप पण आहे, त्यात मध्येच सेव्ह करून परत तिथूनच खेळता येतं. माझ्या मते मात्र पहिल्यांदा खेळणाऱ्यानं ६० मिनिटांच्या घड्याळासकट मूळ गेमच खेळावा, खिळ्यांवर पडल्याशिवाय मजा नाही.

६. सेटअपवर क्लिक केलं की "धिस अ‍ॅप कान्ट रन ऑन युवर पीसी" येतं. गेम तर विंडोजचाच आहे.

गेम ३२ बिट असेल, पण सेटअप १६ बिट आहे. नव्वदीत हे सर्रास असायचं, कारण सेटअपनं विंडोज ३.१ वरही उघडून "तुमचं विंडोज जुनं आहे" एवढं तरी सांगावं अशी अपेक्षा असायची. ६४ बिट विंडोजमधून मायक्रोसॉफ्टनं १६ बिटची सोय काढली आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटच येतं, त्यामुळे कंपॅटिबिलिटी मोडचा इथे शून्य उपयोग. रस्ते तीन. इन्स्टॉलशील्डच्या काही जुन्या सेटअपना विंडोज आपोआप नवीन इंजिन लावून देतं, तेव्हा आधी डिस्कवरचं सेटअप थेट उघडून बघा. नाही झालं तर ओटीव्हीडीएम नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर १६ बिट विंडोज प्रोग्रॅम चालवतं. तेही नाही तर व्हर्च्युअल मशीनमध्ये (पीसीच्या आत सॉफ्टवेअरनं उभा केलेला दुसरा पीसी) एक्सपी टाकून तिथे गेम इन्स्टॉल करा आणि अख्खा फोल्डर उचलून बाहेर आणा, रजिस्ट्रीत (विंडोजची सेटिंगची नोंदवही) काही लिहिलं असेल तर ते पण लागेल.

७. ओरिजिनल सीडी आहे, ड्राइव्हमध्ये आहे, तरी "सीडी घाला" म्हणतो. ड्राइव्ह गेला का?

ड्राइव्ह बहुतेक ठीक आहे. त्या काळात कॉपी होऊ नये म्हणून सीडीवर सेफडिस्क किंवा सिक्युरॉम असायचं. सेफडिस्क विंडोजच्या अगदी आत एक ड्रायव्हर टाकायचं, एसईसीडीआरव्ही नावाचा, आणि त्या ड्रायव्हरमध्ये सुरक्षेचं भोक सापडलेलं होतं, म्हणून २०१५ मध्ये विंडोज १० आलं ते त्याच्याशिवायच, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अपडेटनं व्हिस्टा, ७ आणि ८ वरही तो बंद केला. निर्णय बरोबरच होता, कारण तसला ड्रायव्हर म्हणजे व्हायरसला अख्खा पीसी मोकळा. पण ज्यांनी पैसे मोजून डबा घेतला त्यांचाच गेम अडला, आणि ज्यांनी रस्त्यावरची पन्नास रुपयांची सीडी घेतली त्यांचा आजही चालतोय, ह्याला काय म्हणायचं!

तो ड्रायव्हर नेटवरून शोधून परत टाकू नका. त्याऐवजी प्र. ८.

८. मग नो-सीडी क्रॅक (सीडीची तपासणी काढून टाकलेली गेमची फाइल) वापरला तर चालतो का, म्हणजे कायद्यानं?

आधी अधिकृत पॅच बघा, पुष्कळ कंपन्यांनी नंतर स्वतःच सीडीची अट काढलीय. वॉरक्राफ्ट ३ चा १.२१बी, अनरियल टूर्नामेंट २००४ चे पॅच, स्टारक्राफ्टचा १.१५.२. मूळ स्टारक्राफ्ट तर २०१७ पासून फुकटच आहे.

कायद्याचं म्हणाल तर आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(एए) मध्ये कायदेशीर प्रत जवळ असलेल्याला बॅकअप काढायची आणि ज्या कामासाठी प्रोग्रॅम घेतला त्या कामासाठी लागेल ती प्रत किंवा बदल करायची मुभा आहे. २०१२ च्या दुरुस्तीत कलम ६५ए आलं, कुलूप तोडण्याबद्दल, पण त्यात हक्क बुडवायच्या हेतूनं तोडलं तर असं आहे. मी वकील नाही, तेव्हा ह्याच्यापुढे मी बोलत नाही. व्यवहारातला धोका मात्र वेगळाच आहे, क्रॅकच्या साइटवरच्या फाइलींसोबत काय काय येतं ते सांगता येत नाही. गॉग नावाच्या ऑनलाइन दुकानात तोच गेम सेलमध्ये शे-दोनशेला मिळत असेल तर सरळ तो घ्यावा, २००८ पासून त्यांचा धंदाच हा आहे, कुलूप काढून आजच्या विंडोजवर चालेल असं करून विकायचं.

९. "अबँडनवेअर", म्हणजे मालकानं सोडून दिलेले गेम, फुकट ना? कंपनीच बंद झालीय.

नाही. कंपनी बंद झाली तरी हक्क कोणाकडे तरी गेलेले असतात. आपल्याकडे प्रोग्रॅम साहित्यकृतीत धरतात आणि लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो, म्हणजे डेव्ह आपल्या हयातीत तरी मोकळा होत नाही. कोणी मागे लागत नाही ही गोष्ट वेगळी.

१०. गेम सुरू होतो पण पाणी-गवत इंद्रधनुष्यासारखं दिसतं, किंवा स्क्रीन काळी, फक्त आवाज.

इंद्रधनुष्य म्हणजे २५६ रंगांचा गेम. पहिला एज ऑफ एम्पायर्स, एज २, स्टारक्राफ्ट, सगळे ह्यातले. गेम आपल्या २५६ रंगांची यादी लावतो आणि विंडोजचा डेस्कटॉप मागून ती बिघडवतो. पूर्वी लोक टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर बंद करून खेळायचे, आता सीएनसी-डीड्रॉ नावाची फाइल गेमच्या फोल्डरमध्ये टाकली की मिटतं, नाव कमांड अँड काँकरचं असलं तरी इतर गेमनाही चालते.

थ्रीडी गेमची काळी स्क्रीन असेल तर डीजीव्हूडू२. हा मधला दुभाषी आहे, गेम जुन्या डायरेक्टएक्समध्ये किंवा ग्लाइडमध्ये बोलतो, हा ते डायरेक्टएक्स ११ मध्ये सांगतो. दोन-तीन डीएलएल गेमच्या एक्सईशेजारी ठेवायच्या, झालं. डायरेक्टएक्स ८ ते ११ साठी डीएक्सव्हीके पण आहे, ते व्हल्कन नावाच्या नव्या ग्राफिक्सच्या भाषेत भाषांतर करतं, बनवलं लिनक्ससाठी पण विंडोजवरही चालतं आणि जीटीए ४ सारख्या रखडणाऱ्या गेमला त्यानं कधी कधी जीव येतो.

११. सगळे जाडे दिसतात.

चौकोनी मॉनिटरचं चित्र रुंद मॉनिटरवर ताणलं गेलंय. ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमध्ये स्केलिंगला "अ‍ॅस्पेक्ट रेशो" करा, बाजूला काळ्या पट्ट्या येतील पण माणसं माणसांसारखी दिसतील. खरंच रुंद हवं असेल तर त्या गेमचं वाइडस्क्रीन फिक्स शोधा, नीड फॉर स्पीडचा मोस्ट वाँटेड, व्हाइस सिटी, सॅन अँड्रियास, सगळ्यांचं आहे.

१२. नवीन पीसी इतका भारी, तरी गाडी विचित्र वळते आणि वस्तू हवेत उडतात.

भारी आहे म्हणूनच. बऱ्याच गेममध्ये भौतिकशास्त्राचं गणित दर फ्रेमला होतं आणि ३० किंवा ६० फ्रेम गृहीत धरलेल्या असतात, तुमचा मॉनिटर १४४ चा असेल तर गणित फिसकटतं. मूळ स्कायरिम ६० च्या वर गेला की घरातली भांडी उडायला लागतात, सॅन अँड्रियासमध्ये म्हणूनच फ्रेम लिमिटर दिलाय, तो बंद करू नका. ग्राफिक्स कार्डाच्या पॅनलमधून त्या एका गेमला ६० ची मर्यादा घाला. डॉसच्या गेमचं वेगळं, ते प्र. ५ मध्ये.

१३. सॅन अँड्रियासमध्ये स्किमर विमान होतं, विंडोज अपडेट झाल्यावर गायबच झालंय. मला भास होतोय का?

भास नाही, आणि ह्या अख्ख्या विषयातला माझा आवडता किस्सा हाच आहे. विंडोज ११ चं २४एच२ नावाचं अपडेट आल्यावर लोकांना पाण्यावर उतरणारं ते विमान मिळेनासं झालं, जबरदस्तीनं आणलं तर खेळाडू आकाशात कुठच्या कुठे फेकला जायचा. सगळ्यांनी मायक्रोसॉफ्टला शिव्या घातल्या. सायलेंटपॅच नावाची दुरुस्ती करणाऱ्या मॉडरनं (गेममध्ये बदल करणारा चाहता) २०२५ मध्ये खोदून काढलं तर चूक गेमचीच निघाली, तीही पहिल्या दिवसापासूनची.

गाड्यांच्या माहितीच्या फाइलमध्ये प्रत्येक वाहनाच्या ओळीत चाकांचा आकार लिहिलेला असतो. स्किमर व्हाइस सिटीत बोट म्हणून धरलेलं, बोटीला चाकं नाहीत, म्हणून त्या ओळीत ते आकडे नव्हते. सॅन अँड्रियासमध्ये ते विमान झालं पण आकडे घालायचे राहिले. गेम ओळ वाचताना न मिळालेल्या आकड्यांच्या जागी काही भरत नव्हता, तर आधीच्या वाहनाचे जे आकडे मेमरीत पडलेले असायचे तेच वापरले जायचे, आणि वीस वर्षं त्या जागेला कोणी हात लावला नाही म्हणून सगळं सुरळीत. २४एच२ मध्ये विंडोजच्या एका आतल्या फंक्शननं तेवढीच जागा वापरायला सुरुवात केली, आकडे पुसले गेले आणि विमान गेलं. विंडोजनं कुठलाच नियम मोडला नव्हता. सायलेंटपॅच टाका, विमान परत येतं.

१४. सेव्ह केलेला गेम सापडत नाही / दरवेळी पहिल्यापासून सुरू होतो.

जुने गेम सेव्ह आपल्याच फोल्डरमध्ये लिहायचे, आणि प्रोग्रॅम फाइल्समध्ये आता कोणालाही लिहू देत नाहीत, मग विंडोज गुपचूप ती फाइल दुसरीकडे ठेवतं. यूजर्समध्ये तुमचं नाव, त्यात अ‍ॅपडेटा, लोकल, आणि व्हर्च्युअलस्टोअर, तिथे बघा. कायमचा उपाय म्हणजे जुने गेम प्रोग्रॅम फाइल्समध्ये टाकायचेच नाहीत, ड्राइव्हवर गेम्स नावाचा साधा फोल्डर करा. आणि गुरुवारी लाईट जाणारच आहे हे धरून मिशनआधी सेव्ह करा, यूपीएस नसेल तर.

१५. "डीथ्रीडीएक्स९_४३.डीएलएल मिसिंग".

मायक्रोसॉफ्टचं डायरेक्टएक्स जून २०१० पॅकेज उतरवून टाका. विंडोजमध्ये डायरेक्टएक्स १२ असलं तरी ९ च्या ह्या जोडफाइली त्यात नसतात. एकेक डीएलएल देणाऱ्या साइटवरून काही घेऊ नका. "डायरेक्टप्ले" मागत असेल तर ते विंडोज फीचर्समध्ये लेगसी कंपोनंट्सखाली टिक करायचंय.

१६. हॉस्टेलसारखं लॅनवर एज २ आणि काउंटर स्ट्राइक १.६ खेळायचंय, एकमेकांचे पीसी दिसत नाहीत.

१.६ ला काही झालेलं नाही, स्टीम ह्या ऑनलाइन गेमच्या दुकानात आजही आहे. बहुतेक वेळा विंडोजची फायरवॉल आड येते किंवा वायफाय "पब्लिक" म्हणून लावलेलं असतं, ते "प्रायव्हेट" करा. हिंजवडीतल्या पीजीचं वायफाय असेल तर राउटरवरच एका पीसीतून दुसरा दिसणं बंद केलेलं असतं, तिथे स्वतःचा एक साधा स्विच आणि केबली आणा, तोच इलाज.

एज २ जुनं असेल तर डायरेक्टप्ले लागेल (प्र. १५), आणि गेम उघडल्यावर आयपीएक्स (नेटवर्कची जुनी पद्धत) नाही, टीसीपी-आयपी निवडा. आयपीएक्स विंडोजमधून व्हिस्टापासूनच गेलंय. ज्या गेमला फक्त आयपीएक्सच येतं त्यांच्यासाठी आयपीएक्सरॅपर आहे. रेड अलर्ट २ वाल्यांनी थेट सीएनसीनेटवर जावं, स्वयंसेवक चालवतात, फुकट आहे.

१७. गेम आहे, पण ऑनलाइन सर्व्हर बंद झालाय. काही होऊ शकतं का?

गेममध्ये स्वतःचा सर्व्हर चालवायची सोय होती का, ह्यावर सगळं आहे. पूर्वी असायची, म्हणून गेमस्पाय ३१ मे २०१४ ला बंद झालं तरी कितीतरी गेम लोकांनी दुसऱ्या यादी-सर्व्हरवर नेऊन जगवले, गेमस्पायचं काम फक्त कोण कुठे खेळतंय ते सांगायचं होतं. पण गेमचा अर्धा मेंदूच कंपनीकडे असेल तर कठीण. युबिसॉफ्टनं द क्रूचे सर्व्हर मार्च २०२४ अखेर बंद केले, त्यात एकट्यानं गाडी फिरवायलाही सर्व्हर लागायचा, म्हणजे विकत घेतलेली डिस्क नुसती चकती उरली. त्यावरूनच स्टॉप किलिंग गेम्स ही मोहीम उभी राहिली, युरोपात त्यांच्या अर्जावर २०२५ मध्ये दहा लाखांच्या वर सह्या झाल्या. मागणी साधी आहे, सर्व्हर बंद करा पण जाताना गेम चालता ठेवून जा. नवीन गेम घेताना मी आता डब्यामागे सगळ्यात आधी "इंटरनेट सतत लागेल" ही ओळ आहे का बघतो.

१८. स्टीमवर घेतलेला गेम कायमचा माझा का?

वापरायचा परवाना तुमचा. स्टीमचा इतिहास चांगला आहे, विक्री बंद झालेले गेमही आधी घेतलेल्यांना सहसा उतरवता येतात. पण स्टीम स्वतःच जुन्या विंडोजवरून निघून जातं, एक्सपी आणि व्हिस्टा १ जानेवारी २०१९ ला सोडलं, ७ आणि ८ १ जानेवारी २०२४ ला. म्हणजे एक्सपीसाठी बनलेला गेम स्टीमवर घेतला तर तो एक्सपीवर चालवता येत नाही, असा उलटा प्रकार. गॉगचा इन्स्टॉलर उतरवून हार्ड डिस्कवर ठेवता येतो, उद्या गॉग बंद झालं तरी तो चालेल.

१९. क्रिकेट ०७ आणि जुना मोस्ट वाँटेड विकत कुठे मिळेल? सगळीकडे शोधलं.

कुठेच नाही. २००५ चा मोस्ट वाँटेड डिजिटल दुकानांत नाही, क्रिकेट ०७ पण नाही. गाड्यांची नावं, खेळाडू, गाणी, सगळ्यांचे परवाने ठराविक वर्षांचे असतात. जीटीए ४ मधली गाणी २०१८ मध्ये ह्याच कारणानं काढली, २०२१ मध्ये नीड फॉर स्पीडचे कार्बन, अंडरकव्हर वगैरे विक्रीतून गेले. उरली जुनी डिस्क. बुधवारी-रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात कधी कधी डबे दिसतात, पण आत बघा, ओरिजिनल डब्यात मार्करनं नाव लिहिलेली सीडी निघते. मॅन्युअलवरचा सीडी-की चा स्टिकर शाबूत आहे का तेही.

क्रिकेट ०७ चं मात्र कौतुक करावं तेवढं थोडं. २००६ चा गेम, कंपनीनं त्यानंतर क्रिकेट सोडलंच, आणि आपल्याकडची पोरं अजून दर सीझनला नवीन जर्सी, नवीन संघ, नवीन स्टेडियम घालून पॅच काढतात.

२०. रिमास्टर घ्यावा की जुनाच चालवावा?

एज २ असेल तर डोळे झाकून डेफिनिटिव्ह एडिशन. १९९९ चा गेम, २०१९ मध्ये नवीन रूप, आणि २०२२ मध्ये डायनॅस्टीज ऑफ इंडियामध्ये बंगाली, द्रविड, गुर्जर अशा वेगळ्या सेना आल्या (मराठे नाहीत, हा प्रश्न पण वारंवार येतो). जीटीएच्या २०२१ च्या तीनच्या संचाबद्दल माझं मत बरं नाही, गाणी कमी आणि सुरुवातीला बग भरपूर, वर मूळ गेम काही काळ विक्रीतून काढलेले. तुमच्याकडे मूळ असतील तर ते जपा.

२१. नवीन कार्ड घेतल्यावर जुना गेम उलट हळू झाला. असं कसं?

कार्ड एनव्हिडियाचं ५० मालिकेतलं आहे का? २०२५ मध्ये ती आली तेव्हा ३२ बिट फिजएक्स काढून टाकलेलं होतं, त्यामुळे बॅटमन अर्कम सिटी, बॉर्डरलँड्स २ असल्या गेममध्ये धूर-कापड-काचांचं काम प्रोसेसरवर आलं आणि हजारो रुपयांचं कार्ड रडायला लागलं. नंतर निवडक गेमसाठी ते ड्रायव्हरमधून परत दिलंय, तेव्हा ड्रायव्हर ताजा करा, नाहीतर गेममधून फिजएक्स बंद करा.

इंटेल १२ व्या पिढीत वेगळंच झालेलं. त्यात दोन तऱ्हेचे कोअर आहेत आणि डेन्यूव्होच्या कुलपाला वाटायचं की गेम मध्येच दुसऱ्या पीसीवर गेला. बहुतेक गेमना पॅच आले, राहिलेल्यांसाठी काही मदरबोर्डच्या बायोसमध्ये लेगसी गेम मोड असतो, तो लावला की स्क्रोल लॉक दाबून छोटे कोअर बाजूला काढता येतात. कीबोर्डवरच्या त्या बटणाला शेवटी काम मिळालं.

२२. लिनक्सवर?

विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं वाइन १९९३ पासून आहे, त्यावर स्टीमवाल्या व्हॉल्वनं २०१८ मध्ये प्रोटॉन उभं केलं, त्यांचा हातात धरायचा स्टीम डेक त्यावरच चालतो. जुन्या सिंगल प्लेयर गेमना हे उत्तम, काही १६ बिटवाले तर विंडोज ११ वर उठत नाहीत आणि वाइनमध्ये उठतात. ऑनलाइन गेमच्या अँटीचीटचं (लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर) मात्र विचारून घ्या.

२३. घरातला एक्सपीचा जुना पीसी भंगारात देऊ की ठेवू?

जागा असेल तर ठेवा, १९९५-२००० च्या गेमसाठी (प्र. ४) त्याच्याइतकं सोपं काही नाही. इंटरनेटला जोडू नका. तारीख सारखी मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला. कपॅसिटर फुगलेत का बघा, ते पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास मिळतात, डाग द्यायला येत नसेल तर एखाद्या रिपेअरवाल्याला सांगा. जागा नसेल तर ८६बॉक्स, तो व्हूडू कार्डासकट जुना पीसी सॉफ्टवेअरमध्ये बनवतो, पण त्याला आजचा तगडा प्रोसेसर लागतो आणि सेटिंगला शनिवार-रविवार जातो.

२४. सीडी किती वर्षं टिकतात?

छापील बऱ्याच टिकतात, घरी बर्न केलेल्या भरवशाच्या नाहीत. पावसाळ्यात बुरशी धरते, कपाट भिंतीला लागून असेल तर बघाच. चमकणाऱ्या बाजूच्या ओरखड्यांना लोक घाबरतात, खरं तर सीडीत माहिती लेबलच्या बाजूला पातळ थराखाली असते, तिकडून ओरखडा गेला तर संपलं.

आजच इमेज, म्हणजे अख्ख्या सीडीची फाइल, काढून ठेवा, आणि सीडीला आयएसओ नको, बिन-क्यू काढा. क्वेक किंवा पहिल्या एजमध्ये संगीत ऑडिओ सीडीच्या ट्रॅकसारखं टाकलेलं असतं, आयएसओमध्ये ते येत नाही आणि मग "गेम चालतो पण गाणं नाही" म्हणून विचारतात. आयएसओ विंडोज स्वतः उघडतं, बिन-क्यूला वेगळं सॉफ्टवेअर लागेल.

२५. एक्सपीमधला पिनबॉल कुठे गेला?

६४ बिटवर आणताना चेंडू वस्तूंच्या आरपार जायला लागला आणि दुसऱ्यांनी लिहिलेल्या त्या कोडमध्ये टिप्पण्या नसल्यानं चूक सापडेना, म्हणून सोडून दिला, असं मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेन यांनी लिहिलंय. २०२१ मध्ये एका चाहत्यानं तो उलगडून परत लिहिला, स्पेस कॅडेट पिनबॉल नावानं शोधा. मूळ पिनबॉलच्या फाइली तुमच्याकडे लागतात.

२६. माझा गेम ह्यात कुठेच नाही. विचारताना काय काय सांगू?

आधी पीसीगेमिंगविकीवर त्या गेमचं पान बघा, बहुतेक उत्तर तिथे असतं. तरी अडलं तर गेमचं पूर्ण नाव, साल, सीडी की स्टीम की गॉग, विंडोजचं व्हर्जन आकड्यासकट, ग्राफिक्स कार्ड, आणि एररचा फोटो. "गेम चालत नाही" एवढंच पाठवू नका. फोटो काढताना अख्खी खिडकी घ्या, कामाचा नंबर बऱ्याचदा सगळ्यात खालच्या ओळीत असतो आणि नेमकी तीच कापलेली असते.